'ट्रेक' : एका उसन्या शब्दाची पायपीट

मराठीतील परभाषीय शब्दांवर सिद्ध होणाऱ्या प्रबंधांमध्ये एक प्रकरण ठरलेले असते. अरबी-फारसी, कानडी, पोर्तुगीज, इंग्रजी असे कप्पे पाडावयाचे, प्रत्येक कप्प्यात शंभर-दीडशे शब्द भरावयाचे आणि 'यावरून मराठीची स्वीकारशीलता प्रत्ययास येते' असे म्हणून पुढील प्रकरणाकडे वळावयाचे. या व्यवस्थेत 'ट्रेक' हा शब्द अर्थातच इंग्रजीच्या कप्प्यात, वर्णानुक्रमाने 'ट्रॅक्टर'च्या आसपास कोठेतरी पडतो. हे शेजारपण योगायोगाचे असले तरी मार्मिक आहे. 'ट्रॅक्टर' हा लॅटिनमधील 'ओढणे' या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झाला आहे आणि 'ट्रेक'चा मूळ अर्थही 'ओढणे' हाच आहे. परंतु कप्प्यांची यादी करणाऱ्यास या अर्थाशी कर्तव्य नसते. शब्द कोणत्या दाराने आत आला एवढेच त्याला पुरते. 'ट्रेक'च्या बाबतीत हे दार इंग्रजीचे, घर आफ्रिकान्सचे आणि आज मराठीत वावरणारा अर्थ मात्र या दोहोंचाही नाही. ही तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची असून तिच्याकडेच अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे.

कोल्हापूर परिसरात हा शब्द आता महाविद्यालयीन बोलीचा भाग झाला आहे. आषाढाच्या सुमारास पन्हाळगडावरून मसाई पठारमार्गे पांढरपाणी आणि पावनखिंडीपर्यंत चालत जाणाऱ्यांचे जथे निघतात. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराजांनी विशाळगड गाठला आणि बाजीप्रभू देशपांडे यांनी घोडखिंड लढविली, त्या घटनेचे हे पावलांनी केलेले स्मरण होय. आयोजकांच्या पत्रकांवर 'पदभ्रमंती' किंवा 'मोहीम' असे छापलेले असते. जाणारा विद्यार्थी मात्र मित्राला सांगतो, 'यंदा पन्हाळा-पावनखिंड ट्रेक मारायचा.' यातील 'मारणे' हे क्रियापद लक्षणीय आहे. 'फेरी मारणे', 'चक्कर मारणे', 'दांडी मारणे' या परिवारात हा शब्द जाऊन बसला आहे. बस चुकून तीन-चार किलोमीटर चालावे लागले, तर त्यालाही विनोदाने 'आज ट्रेकच झाला' म्हणतात. उसना शब्द विनोदात वापरता येऊ लागला म्हणजे तो रुळला असे समजावयास हरकत नाही.

मूळ शब्द डच भाषेतील 'ट्रेकन' या धातूचा. ओढणे, खेचणे हा त्याचा प्राथमिक अर्थ. त्यावरून ओढत नेणे, प्रवासास निघणे, स्थलांतर करणे. स्थलांतरित पक्ष्यांनाही डचमध्ये याच धातूवरून नाव मिळाले आहे. इतकेच नव्हे, तर 'मला ट्रेक आहे' असे डच माणूस म्हणतो तेव्हा त्याला भूक लागलेली असते. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये, कारण 'ओढणे' यापासून आपल्याकडेही 'ओढ' हा शब्द आतुरतेच्या अर्थाने सिद्ध झाला आहे. ओढण्यापासून इच्छेकडे दोन्ही भाषा स्वतंत्रपणे गेल्या. प्रवासाच्या दिशेने मात्र डच गेली, मराठी गेली नाही. मराठीत संसाराचा गाडा ओढला जातो; तो पुढे कोठे जातो यापेक्षा ओढणाराचे खांदे किती सोलवटले याकडे त्या वाक्प्रचाराचे लक्ष असते.

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी केपची वसाहत स्थापिली. तेथील डच बोली खोईखोई लोकांच्या, तसेच इंडोनेशियाच्या बेटांतून, मादागास्करमधून आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या तोंडी पडून बदलत गेली आणि तिची आफ्रिकान्स झाली. तिला स्वतंत्र राजभाषेचा दर्जा १९२५ मध्ये मिळाला. या बोलीत 'ट्रेक' हा बैलगाडीचा शब्द होता. बैलांच्या अनेक जोड्या जुंपलेली लांबलचक गाडी, तीत धान्य, अंथरूण-पांघरूण, बायका-मुले, मागे गुरे-मेंढरे, असा सर्व प्रपंच घेऊन निघणे म्हणजे ट्रेक. बैल जुंपणे आणि सोडणे यांसाठीही या भाषेने शब्द दिले आणि तेही इंग्रजीत गेले. सोडलेल्या बैलांच्या जागी मुक्काम पडे. आजही आफ्रिकान्समध्ये घर बदलण्याला ट्रेक करणे असेच म्हणतात.

१८३५ नंतरच्या दहा वर्षांत इंग्रजी अंमलाला कंटाळलेली, आणि ज्यांच्या तक्रारींत १८३४ मधील गुलामगिरीच्या समाप्तीचाही समावेश होता अशी, हजारो बोअर माणसे केप सोडून ईशान्येकडे निघाली. या स्थलांतराला पुढे 'ग्रेट ट्रेक' हे नाव पडले. गाड्यांसोबत त्यांचे कृष्णवर्णीय नोकरही चालत होते, आणि ज्या भूमीकडे गाड्या वळल्या ती निर्मनुष्य नव्हती. १६ डिसेंबर १८३८ रोजी झुलू सैन्याशी झालेल्या लढाईत गाड्यांचाच कोट करून बोअरांनी विजय मिळविला. पुढे शंभर वर्षांनी, १९३८ मध्ये, बैलगाड्यांची ती यात्रा समारंभपूर्वक पुन्हा काढण्यात आली, प्रिटोरियाजवळ स्मारकाची कोनशिला बसविली गेली, आणि दहाच वर्षांत वर्णविद्वेषी राजवट अधिकारावर आली. तेव्हा आपल्या बिऱ्हाडासह निघालेल्यांचा हा शब्द दुसऱ्यांची बिऱ्हाडे उठविणाऱ्यांचाही आहे.

येथे प्रश्न येतो तो मार्गाचा. शब्दांची उसनवारी सान्निध्याने होते असा एक ढोबळ समज आहे. 'ट्रेक'च्या इतिहासात तो टिकत नाही. डचांनी १६३७ साली वेंगुर्ल्यास, म्हणजे कोल्हापूरच्या घाटाखालीच, वखार घातली होती. मराठीने त्या वखारीतून हा शब्द उचलला नाही. (हिंदीत पत्त्यांतील 'तुरुप' आणि टांग्याचा 'बम' हे दोन शब्द डचांकडून आल्याचे सांगितले जाते, पैकी दुसरा गाडीच्या दांडीचा आहे, हे गंमतीचे.) दुसरा योग १९०१-०२ चा. बोअर युद्धात पकडलेले हजारो कैदी इंग्रजांनी हिंदुस्थानात आणले आणि त्यांच्या छावण्यांत अहमदनगर व सातारा ही ठिकाणेही होती. ज्यांच्या घरी हा शब्द जन्मला ती माणसे सह्याद्रीच्या पायथ्याशी, आज ट्रेकर मंडळी हिंडतात त्याच मुलखात, तारेच्या कुंपणाआड दिवस कंठीत होती. त्यांच्यामुळे 'बोअर' हे नाव मराठीला परिचित झाले. 'ट्रेक' आला नाही. कैद्याच्या भाषेतून शब्द घेण्याची भाषांना सहसा गरज वाटत नाही.

शब्द आला तो जेत्यांच्या भाषेतून, आणि तोही फिरून. इंग्रजीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तो उचलला. बैल आणि गाडी हळूहळू गळून पडली, उरला लांबचा, कष्टाचा प्रवास. १९६६ साली सुरू झालेल्या एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेने तर तो थेट ताऱ्यांमध्ये नेऊन सोडला. मराठीच्या दृष्टीने निर्णायक वळण त्याआधी दोनच वर्षे नेपाळात मिळाले. गुरखा पलटणीतून निवृत्त झालेल्या जिमी रॉबर्ट्स या इंग्रज अधिकाऱ्याने १९६४ मध्ये 'माउंटन ट्रॅव्हल' ही संस्था काढून हौशी प्रवाशांना पैसे घेऊन हिमालयात पायी हिंडविण्याचा व्यवसाय सुरू केला. ओझे शेर्पा व हमाल वाहतात, प्रवासी चालतो, आणि ठरल्या दिवशी विमानाने घरी परततो. 'ट्रेक' या शब्दातून बिऱ्हाड गेले होतेच. आता परत न येण्याची शक्यताही गेली. जो ट्रेक मुंबई-पुण्याच्या गिर्यारोहण मंडळांतून आणि युवकांच्या हिमालयीन शिबिरांतून मराठीत उतरला, तो हा परतीचे तिकीट हाती असलेला ट्रेक होय. मुंबईच्या जुन्या संस्थेने स्वतःसाठी 'गिरिविहार' असे संस्कृत नाव निवडले होते. नंतरच्या मंडळांच्या नावांत 'हायकर्स', 'ट्रेकर्स' सर्रास येऊ लागले.

मराठीत आल्यावर शब्दाचे व्याकरण बदलले. तो पुल्लिंगी नाम झाला. अनेकवचनात जसाच्या तसा राहिला. आफ्रिकान्समध्ये आणि इंग्रजीतही जे क्रियापद म्हणूनही चालते, ते मराठीत क्रियापद झालेच नाही. 'ट्रेकणे' असे कोणी म्हणत नाही; 'ट्रेक करणे', 'ट्रेकला जाणे', 'ट्रेक मारणे' असेच म्हणतात. हे बारीकसे वाटणारे वास्तव अर्थाच्या दृष्टीने बोलके आहे. क्रिया सतत घडत असते. नामाला आरंभ आणि अंत असतो. मराठीतील ट्रेक हा सुट्टीत ठरविता येतो, त्याची वर्गणी भरता येते, तो 'पूर्ण' होतो.

आता अर्थाची कसोटी. २०२० च्या टाळेबंदीत देशभर लक्षावधी मजूर शहरे सोडून गावाकडे चालत निघाले. ८ मे २०२० रोजी औरंगाबादनजीक करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. ते जालन्याहून चालत निघाले होते. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्या दिवसांतील मजुरांच्या चालण्याला 'ट्रेक' म्हटले आणि त्यात इंग्रजीच्या दृष्टीने काहीही वावगे नव्हते. मराठी वृत्तपत्रांनी 'पायपीट' म्हटले, 'स्थलांतर' म्हटले. 'मजुरांचा ट्रेक' हे शीर्षक मराठीत केवळ विसंगत नव्हे, क्रूर वाटले असते. शब्द इंग्रजीतून जसाच्या तसा आला असता, तर हे घडण्याचे कारण नव्हते. मराठीने या शब्दाला एक अट घातली आहे, ती म्हणजे चालणाराने स्वेच्छेने चालले पाहिजे, आणि न चालण्याची मुभा त्याला असली पाहिजे. ही अट डचमध्ये नाही, आफ्रिकान्समध्ये नाही, इंग्रजीत नाही. म्हणून 'ट्रेक [इं.]' एवढी नोंद करून कोशकाराने मोकळे होणे हे अर्थाच्या दृष्टीने चूकच ठरते.

या शब्दाला विरोध करणाऱ्यांचीही हीच अडचण होते. 'ट्रेक'ऐवजी 'पदभ्रमण', 'गिरिभ्रमण', 'दुर्गभ्रमंती' यांपैकी एखादा शब्द योजावा, असे अधूनमधून सुचविले जाते. कोल्हापूरला हा वाद परका नाही. राजाराम महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियनांनी, १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. त्यापूर्वी १९२५ मध्ये 'फारशी-मराठी कोश'ही त्यांनीच रचला होता. परक्या शब्दांचा घनिष्ठ जाणकार त्यांच्या बहिष्काराचा पुरस्कर्ता व्हावा, आणि त्याचे टोपणनावही परके असावे, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक मनोज्ञ विसंगती. परंतु त्यांचा विवेक निदान ज्ञानावर आधारलेला होता. आजच्या सूचनांत तेवढीही तयारी आढळत नाही. 'ट्रेक' नको म्हणून जो 'मोहीम' शब्द पुढे केला जातो, तो अरबी. 'स्वारी' फारशी. 'मजल' आणि 'मुक्काम' हेही अरबीच.

आणि 'कूच'? बखरींतील 'कूच दरकूच' ज्यांना अस्सल मराठमोळे वाटते त्यांनी या शब्दाची पूर्वपीठिका अवश्य पाहावी. तो फारशीतून आला, पण मूळ तुर्की आहे. आणि तुर्कीत त्याचा अर्थ भटक्या टोळ्यांनी तंबू, कुटुंब, गुरे-ढोरे यांसह एका चराऊ भूमीवरून दुसरीकडे जाणे असा आहे. म्हणजे जवळजवळ ट्रेकच! फारशीच्या दरबारी व लष्करी वापरातून तो मराठीत आला तेव्हा बायका-मुले व मेंढरे वाटेत गळाली आणि लष्कराची हालचाल तेवढी उरली. गुजरातीने १९३० सालच्या सत्याग्रहाला 'दांडीकूच' म्हणून त्या शब्दाला पुन्हा सामान्य माणसाच्या पायांपाशी आणले. मराठीने तेथे 'दांडीयात्रा' पसंत केली. गांधीजींनी १९१३ साली नाताळमधून ट्रान्सवालच्या सरहद्दीपार दोन हजारांवर हिंदी कामगार, बायका-मुलांसह, चालवीत नेले, तोही बोअरांच्या गाड्या एकेकाळी गेलेलाच मुलूख. इतिहासात त्या चालीला 'मार्च' म्हणतात, ट्रेक म्हणत नाहीत. चालणे तेच, शब्द मात्र चालणाऱ्याच्या सत्तेप्रमाणे बदलतो.

मराठीने प्रवासाचे हे दोन्ही शब्द सत्तेच्या भाषांतून घेतले आणि दोहोंतूनही बिऱ्हाड काढून टाकले, हे योगायोगाने घडले असे मानणे कठीण आहे. बिऱ्हाडासह चालणाऱ्यांसाठी मराठीपाशी स्वतःचे शब्द होतेच: लमाणांचा 'तांडा', धनगरांचा 'वाडा'. पण ते शब्द प्रवासवर्णनाच्या भाषेत आले नाहीत; ते जातींच्या वर्णनाच्या भाषेत राहिले. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 'भटका' हे आहे. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविले त्या १९५२ मध्ये विमुक्त झाल्या आणि पुढे 'भटक्या-विमुक्त' हा शासकीय संज्ञेचा भाग झाला. दाखल्यावर हा शब्द लागतो, पोलिसाच्या तोंडी तो शिवीसारखा येतो. त्याच वेळी गडकोटांवर हिंडणारा सुशिक्षित तरुण स्वतःला अभिमानाने 'भटका' म्हणवितो आणि आपल्या छंदाला 'भटकंती'. एकाच शब्दाच्या दोन अर्थच्छटा एकाच काळात, एकाच तालुक्यात, एकमेकींना न भेटता नांदत आहेत.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी येथे थोडे थांबावयास हवे. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'सारख्या ग्रंथांनी मराठीत चालण्याचे एक गद्य घडविले. त्याला वाऱ्याचा, दगडाचा, इतिहासाचा गंध आहे आणि त्याची थोरवी कोणी नाकारू नये. १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' प्रसिद्ध झाले. गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची ती कथा आहे. तीही चालण्याचीच कथा. परंतु अभ्यासक्रमात पहिला ग्रंथ 'प्रवासवर्णन व ललितगद्य' या शीर्षकाखाली येतो आणि दुसरा 'दलित व भटक्या-विमुक्तांची आत्मकथने' या शीर्षकाखाली. दोहोंतील चालणे एकत्र वाचावे, गडाकडे जाणारी वाट आणि गावकुसाबाहेर थांबणारी वाट यांची शब्दकळा शेजारी-शेजारी मांडावी, असे क्वचितच कोणास सुचते. आफ्रिकान्समधील 'ट्रेक'चा मूळ अर्थ, म्हणजे जनावर, ओझे, पोरेबाळे आणि अनिश्चित मुक्काम, मराठीत शोधावयाचा तर तो 'उपरा'त सापडेल; ट्रेकिंगवरील मार्गदर्शक पुस्तिकांत नव्हे. अर्थात उपमेला मर्यादा आहे. बोअर गाडीच्या टोकाशी बंदूक आणि जमिनीचा हक्क होता. कैकाड्याच्या वाटेच्या टोकाशी पाटलाची हजेरी होती.

याहून जवळचे उदाहरण कोल्हापूरच्या शिवारातच दर हिवाळ्यात पाहावयास मिळते. गळिताचा हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या अन्य भागांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची गणती हत्याराने करणारा हा शब्द स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बैलजोडी असेल तर ती बरोबर असते, टायरच्या गाडीत ऊस लादून ती फडावरून कारखान्याकडे जाते; रानात कोप्या पडतात, त्यांत लहान मुले, भांडी, कोंबड्या. हंगाम संपला म्हणजे 'पट्टा पडला' असे म्हणून सारे परत फिरतात. बैल, गाडी, बिऱ्हाड, मुक्काम, केपच्या माणसाला ज्याची ओळख एका शब्दात पटली असती असे सर्व काही येथे आहे. आणि हेच दृश्य मागे टाकून पन्हाळ्याकडे निघालेल्या गाडीतील तरुण म्हणतो की तो ट्रेकला चालला आहे. त्याचे काही चुकत नाही. तो मराठीच बोलत असतो.

तेव्हा कोशातील नोंद कशी असावी? साधारणतः अशी: 'ट्रेक — पु. हौसेने, ठरावीक मुदतीत, बहुधा डोंगर-किल्ल्यांवरून केलेला पायी प्रवास. (विनोदाने) नाइलाजाने पडलेली लांब चाल. [डच व आफ्रिकान्स : ओढणे, बैलगाडीने बिऱ्हाडासह स्थलांतर, इंग्रजीमार्गे मराठीत]. तुलना : कूच, तांडा. विरोधी छटा : पायपीट.' यातील अखेरचे दोन शब्द कोशाच्या रूढ पद्धतीत बसत नाहीत, असा आक्षेप येईल. दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ ते १९३८ या काळात व्युत्पत्तीबरोबर वापराची जी श्रीमंती नोंदवून ठेवली ती पाहता हा आक्षेप फारसा गंभीरपणे घेण्याजोगा नाही. कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ चा. त्यानंतर मराठीत आलेल्या शब्दांची व्युत्पत्ती 'इं.' या एका अक्षरात मिटते. 'कमांडो'चेही तेच. पोर्तुगीजमधून आफ्रिकान्समध्ये, बोअरांच्या घोडेस्वार तुकड्यांवरून १९४० मध्ये ब्रिटिश सैन्यात, आणि तेथून मराठीत असा त्याचा फेरा आहे. गोव्याच्या पोर्तुगीजांशी साडेचारशे वर्षांचा शेजार असताना तो शब्द त्यांच्याकडून नव्हे, इंग्रजांकडून आला.

पदव्युत्तर विभागांना यासाठी मोठ्या अनुदानाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. एका हंगामात चार-पाच विद्यार्थ्यांनी कोप्यांवर जाऊन गाडीवानांच्या तोंडचे निघण्याचे, जुंपण्याचे, सोडण्याचे, थांबण्याचे आणि परतण्याचे शब्द टिपले, तर मराठीतील चालण्याच्या शब्दकळेची आज पूर्णतः रिकामी असलेली बाजू भरू लागेल. ट्रॅक्टर आणि तोडणी यंत्रे फडात शिरली आहेत. बैलगाडीबरोबर तिचे शब्दही जातील. जुंपणी-सोडणीचे शब्द प्रथम घ्यावेत, कारण ते सर्वांत आधी जातात.